मॉन्टिचेलो : डोंगरमाथ्यावरचे घर आणि त्याच्या पोटातले घर
वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉन्टिचेलो म्हणजे काय आणि ते कुठे आहे?

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. त्याच्या आग्नेयेला थोड्याच अंतरावर, सुमारे ८६७ फूट उंचीच्या एका डोंगराचा माथा सपाट करून त्यावर हे लाल विटांचे, पांढऱ्या खांबांचे आणि घुमटाचे घर बांधलेले आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे मुख्य लेखक आणि पुढे देशाचे तिसरे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन (१७४३–१८२६) यांनी त्याचा आराखडा स्वतः काढला, आणि जवळजवळ चाळीस वर्षे ते हे घर बांधत, पाडत आणि पुन्हा बांधत राहिले. नाव इटालियन आहे आणि त्याचा अर्थ ‘लहानसा डोंगर’ असा होतो. तिथले लोक उच्चार ‘चेलो’ असाच करतात. पाच सेंटच्या अमेरिकी नाण्यावर १९३८ पासून याच घराची पश्चिमेकडची बाजू कोरलेली असल्यामुळे ज्यांनी व्हर्जिनियात पाऊल ठेवलेले नाही त्यांच्याही हातातून ते कधीतरी गेलेले असते. युनेस्कोने १९८७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठासह त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

‘प्लँटेशन’ला मराठीत मळा म्हणता येईल का?

म्हणता येते, पण तो शब्द जपून वापरावा लागतो. मळा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर विहीर, पाट, वाफे आणि त्यात राबणारे मालकाचेच कुटुंब येते. चहामळा हा शब्द प्लँटेशनच्या थोडा अधिक जवळ जातो, कारण तिथे एक नगदी पीक, उंचावर मालकाचा बंगला आणि खाली मजुरांच्या खोल्यांची रांग अशी रचना असते. व्हर्जिनियातल्या मळ्यावर मात्र राबणारी माणसेच मालकाच्या मालमत्तेत मोडत. त्यांची नावे घोडे आणि अवजारे यांच्याबरोबर हिशेबाच्या वहीत लिहिली जात, आणि आईचा दर्जा मुलाला मिळत असल्यामुळे गुलाम आईच्या पोटी जन्मलेले मूल जन्मतःच मालकाचे होई. जेफरसन यांची येथील जमीन चार शेतांत विभागलेली आणि सुमारे ५,००० एकर होती. आरंभी तिच्यावर तंबाखू पिके, १७९० च्या दशकात त्यांनी गव्हाकडे मोर्चा वळवला. आयुष्यभरात त्यांच्या मालकीत ६०७ माणसे होती, त्यांतली सुमारे ४०० मॉन्टिचेलोवर राहिली, आणि कोणत्याही एका वेळी तिथे साधारण १३० गुलाम असत.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले होते. या पानावर सोयीसाठी मळा हाच शब्द वापरला आहे. तो वाचताना वरचा हिशेब ध्यानात असू द्यावा.

हे घर नेमके कधी बांधले गेले?

याचे एका सालात उत्तर देता येत नाही, कारण एकाच पायावर खरे तर दोन घरे झाली. १७६८ मध्ये माथा सपाट करण्याचे काम सुरू झाले आणि १७६९ मध्ये बांधकामाला हात लागला. १७७० च्या फेब्रुवारीत खालच्या शॅडवेल येथील वडिलोपार्जित घर जळाल्यामुळे जेफरसन त्याच वर्षअखेर डोंगरावर राहायला आले, तेव्हा दक्षिणेकडची एक विटांची खोली तेवढी उभी होती. १७७२ च्या जानेवारीत मार्था वेल्स स्केल्टन यांच्याशी लग्न करून ते भर हिमवर्षावात पत्नीला घेऊन आले ते याच खोलीत. पहिले घर पुरते सजलेही नव्हते, तोच १७८२ मध्ये मार्था यांचे निधन झाले आणि दोन वर्षांनी जेफरसन फ्रान्सला गेले.

पॅरिसमधल्या पाच वर्षांनी घराचे नशीब बदलले. तिथे सीन नदीकाठी त्या वेळी उभी राहत असलेली ओतेल द साल्म ही घुमटाची हवेली पाहायला ते जवळजवळ रोज जात. परत आल्यावर १७९६ मध्ये त्यांनी स्वतःच्या घराचा वरचा मजला उतरवायला घेतला, घराची रुंदी वाढवली, १८०० मध्ये घुमट चढवला, आणि राष्ट्राध्यक्षपद सोडून १८०९ मध्ये ते कायमचे परतले त्या सुमारास काम बहुतेक पुरे झाले. मधली कित्येक वर्षे घरातली माणसे अर्धवट छताखाली राहिली. आपल्याकडे घर बांधून पाहावे म्हणतात; या गृहस्थांनी ते दोनदा पाहिले, तेही एकाच जागी.

पाण्याची सोय नसलेल्या डोंगरावर घर का बांधले?

गडावर गेलेला मराठी माणूस आधी पाण्याचे टाके कुठे आहे ते पाहतो, म्हणून त्याला हा प्रश्न सर्वांत आधी सुचतो. व्हर्जिनियातले इतर जमीनदार नदीकाठी घरे बांधत, कारण तंबाखूची पिंपे होडीतून नेणे त्यांना सोयीचे पडे. जेफरसन यांना लहानपणापासून या डोंगराची ओढ होती आणि वरून दिसणाऱ्या ब्लू रिज पर्वतरांगेसाठी ते वाटेल ती गैरसोय सोसायला तयार होते. अर्थात त्या गैरसोयीचा भार त्यांच्या खांद्यावर नव्हता. १७६९ मध्ये ६५ फूट खोल विहीर खणली गेली, पण ती भरवशाची निघाली नाही. ती आटली की डोंगराच्या उतारावरच्या झऱ्यांवरून पाणी वाहून आणावे लागे, आणि ते आणणारे गुलाम होते. पुढे छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्यासाठी चार टाकी बांधली गेली. तीही गळत.

घराची शैली कोणती?

जेफरसन यांनी स्थापत्याचे शिक्षण कोणाकडे घेतले नव्हते. त्यांचे गुरू म्हणजे सोळाव्या शतकातल्या आंद्रेआ पलाडिओ या इटालियन स्थपतीचा चार भागांचा ग्रंथ. प्राचीन रोमन मंदिरांची मापे घेऊन ती राहत्या घरांना कशी लावावी हे पलाडिओने दाखवले होते. दर्शनी खांबांची ओसरी, तिच्यावरचा त्रिकोणी माथा, मधल्या अक्षाच्या दोन्ही अंगांना सारखा तोल आणि खांबाच्या जाडीवरून इतर सगळी मापे काढण्याची रीत, हे सारे तिथून आले. घुमटाचा नमुना म्हणून रोममधल्या वेस्टा देवीच्या मंदिराचे पलाडिओने दिलेले चित्र समोर होते. अमेरिकेतल्या राहत्या घरावरचा हा पहिला घुमट मानला जातो.

पलाडिओकडून सांगाडा आणि पॅरिसकडून राहणीची सोय, असा हा मेळ आहे. पलंग भिंतीतल्या कोनाड्यात बसवण्याची पद्धत फ्रेंच आहे. जेफरसन यांचा स्वतःचा पलंग तर शय्यागृह आणि अभ्यासिका यांच्यामधल्या कमानीत आहे, म्हणजे एका बाजूने उतरले की कपडे आणि दुसऱ्या बाजूने उतरले की कागदपत्रे.

बाहेरून घर एकमजली दिसते, मग आत इतक्या खोल्या कशा?

ही या घरातली सर्वांत हुशार लबाडी आहे. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या जमिनीलगत घेतल्या आहेत आणि त्या बाहेरून पहिल्या मजल्याच्या उंच खिडक्यांचाच वरचा भाग वाटतात. तिसऱ्या मजल्यावर छतातल्या काचांमधून उजेड येतो आणि त्या काचा छपराच्या कठड्याआड लपतात; घरभर अशा १३ छत-खिडक्या आहेत. पॅरिसमधली नवी घरे एकाच मजल्याची दिसत, ते जेफरसन यांच्या मनात भरले होते. प्रत्यक्षात तळघरासह सुमारे ११,००० चौरस फुटांचे हे घर आहे. मुख्य घरात ३३ खोल्या आहेत, आणि दोन टोकांच्या छोट्या इमारती व दक्षिणेच्या गच्चीखालच्या खोल्या धरल्या तर एकूण ४३.

या दिखाव्याची किंमत जिन्यांनी मोजली. भव्य जिना म्हणजे जागेची आणि पैशाची नासाडी, असे जेफरसन यांचे मत होते, म्हणून दोन्ही बाजूंचे जिने अवघे २४ इंच रुंद आणि भलतेच चढे आहेत. वरच्या खोल्यांत मुलगी, नातवंडे आणि पाहुणे राहत, म्हणजे कडेवर मूल घेऊन, हातात मेणबत्ती धरून, लांब झग्यात हे जिने चढावे लागत. घुमटाखालची खोली सर्वांत देखणी, पण तिथवर पोचण्याचा मार्ग असा असल्यामुळे ती फारशी वापरलीच गेली नाही. तिच्यालगत, पश्चिमेच्या ओसरीच्या माथ्यावर एक बुटका माळा आहे; दोन नातींनी तो वाचत बसायला बळकावला होता.

प्रवेशदालनातल्या घड्याळाची गोष्ट काय आहे?

हे घड्याळ आठवड्यातून एकदा किल्ली दिल्यावर सात दिवस चालते. त्याची वजने तोफगोळ्यांसारखी आहेत. ती दाराच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत दोरांवरून हळूहळू उतरतात, आणि एका कोपऱ्यात भिंतीवर वारांची नावे लावलेली आहेत. गोळा ज्या नावापाशी लोंबत असेल तो आजचा वार. घड्याळ फिलाडेल्फियात बनवून घेतले गेले. मॉन्टिचेलोच्या दालनात ते बसवल्यावर दोरांना उंची पुरेना. तेव्हा जमिनीला भोके पाडण्यात आली, गोळे तळघरात उतरू लागले आणि शनिवार खाली गेला. आजही शनिवारची खूण तळघराच्या भिंतीवर आहे. रविवारी घडीच्या शिडीवर चढून घड्याळाला किल्ली दिली जाई आणि आठवडा पुन्हा वर येई.

त्याच घड्याळाची दुसरी तबकडी बाहेर, पूर्वेच्या ओसरीत आहे आणि तिला फक्त तासकाटा आहे. बाहेर काम करणाऱ्यांना मिनिटांची गरज नाही, असा त्यामागचा हिशेब सांगितला जातो. त्यांच्यासाठी छपरावरची चिनी घंटा तासाचे टोले देई. एकाच यंत्राने आतल्यांना मिनिटे आणि बाहेरच्यांना केवळ तास मोजून द्यावेत, यातून या घराबद्दल पुष्कळ काही कळते.

जेवणघरात नोकर दिसत नसत, हे कसे साधले होते?

हा प्रश्न पाहुणे मागच्या दारी गेल्यावरच नीट समजतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देणे भाग आहे. जेवणघरात शेकोटीच्या चौकटीच्या दोन्ही अंगांना अरुंद झडपा आहेत. झडप उघडली की आत दोरीवर वरखाली होणारी एक चिंचोळी पेटी दिसते. तिच्यात वाइनची बाटली मावते. थेट खाली दारूचे तळघर आहे. तिथला माणूस भरलेली बाटली पेटीत ठेवी, वर यजमान दोर ओढून ती काढून घेत आणि रिकामी बाटली परत पाठवत. जेवणघराच्या एका दाराला मधोमध खुंट आहे आणि त्याच्या मागच्या अंगाला फळ्या ठोकलेल्या आहेत. पलीकडे उभ्या माणसाने फळ्यांवर ताटे रचायची आणि दार फिरवायचे. अन्न आत येते, आणणारा बाहेरच राहतो. पुढे छोट्या चाकांच्या मांडण्या पाहुण्यांच्या बाजूला ठेवल्या जात आणि ज्याने त्याने हाताने वाढून घ्यायचे. जेवताना चालणारे राजकारण नोकरांच्या कानी पडू नये हा यातला एक हेतू होता.

आता हे अन्न येई कुठून ते पाहू. घराच्या दोन्ही बाजूंना काटकोनात वळलेल्या लांब गच्च्या आहेत. वर फिरायला आलेल्या पाहुण्याला त्या फक्त गच्च्याच वाटतात, कारण त्यांच्याखालच्या खोल्या डोंगराच्या उतारात दडवलेल्या आहेत. दक्षिणेच्या अंगाला स्वयंपाकघर, स्वयंपाकिणीची खोली, मांस धुरावण्याची खोली आणि दूधदुभत्याची जागा. उत्तरेला बर्फाची विहीर, तबेला आणि गाड्या ठेवण्याची जागा. घराखालून जाणारा एक बंदिस्त बोळ या दोन्ही बाजूंना जोडतो. दक्षिणेच्या टोकाच्या स्वयंपाकघरातून निघालेले पातेले या बोळातून, मग अरुंद जिन्याने वर आणि शेवटी फिरत्या दाराच्या फळीवर असा प्रवास करी.

व्हर्जिनियातल्या इतर मळ्यांवर स्वयंपाकघर, कोठ्या आणि गुलामांची खोपटी घराभोवती उघड्यावर पसरलेली असत आणि येणाऱ्याच्या नजरेला पडत. पलाडिओने आपल्या घरांना शेतीच्या कामाच्या पडव्या जोडल्या होत्या, पण दर्शनी, मानाने. जेफरसन यांनी त्याच पडव्या जमिनीत उतरवल्या. आमच्या मते या घराची खरी कल्पकता घुमटात नसून या बोळात आहे, आणि ती मान्य करताना आपण कशाचे कौतुक करतो आहोत याचाही विचार व्हावा.

प्रत्यक्ष बांधकाम कोणी केले?

विटा डोंगरावरच पाडल्या आणि भाजल्या गेल्या, लाकूड बरेचसे याच जमिनीवरचे होते. गवंडी आणि सुतार यांत पगारी गोरे कारागीर होते, ठेक्याने आणलेले गुलाम होते आणि जेफरसन यांच्या मालकीचे गुलामही होते. आतले उत्कृष्ट लाकूडकाम मुख्यतः जेम्स डिन्समोर आणि जॉन नीलसन या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या सुतारांच्या हातचे आहे. डिन्समोर यांच्या हाताखाली जॉन हेमिंग्ज हा गुलाम सुतार तयार झाला आणि पुढे तोच सुतारशाळेचा प्रमुख झाला. दिवाणखान्यातली चेरी आणि बीच या लाकडांची नक्षीची जमीन पाहताना, किंवा एक झडप लोटली की दुसरी आपोआप हलते असे तिथले काचेचे जोडदार पाहताना, या नावांची आठवण ठेवण्यासारखी आहे. त्या दाराची साखळी जमिनीखाली आहे. जेफरसन यांची शवपेटीही जॉन हेमिंग्जनेच बनवली.

मलबेरी रो म्हणजे काय?

घराच्या दक्षिणेला, गच्चीच्या थोडे खाली, तुतीच्या झाडांची सुमारे १,३०० फूट लांब वाट आहे. तिच्या कडेने वेगवेगळ्या काळात वीसहून अधिक खोपटी, कोठारे आणि कारखाने उभे होते. १७९४ मध्ये येथे खिळ्यांचा कारखाना सुरू झाला. त्यात १० ते १६ वर्षांची मुले काम करत आणि दिवसाला ८ ते १० हजार खिळे पाडत. शेतीचे उत्पन्न पडले असताना घराचा किराणा या खिळ्यांवर चाले. त्याखालच्या उतारावर दगडी भिंत घालून काढलेली १,००० फुटांची भाजीची पट्टी आहे, जिथे जेफरसन यांनी ३०० हून अधिक वाण लावून पाहिले. बागेतले प्रयोग त्यांच्या वहीत बारकाईने नोंदलेले आहेत आणि खिळ्यांच्या कारखान्यातल्या कोणत्या मुलाने किती लोखंड वाया घालवले, तेही.

सॅली हेमिंग्ज यांच्याबद्दल काय निश्चित म्हणता येते?

सॅली हेमिंग्ज (जन्म १७७३) या मॉन्टिचेलोवरच्या गुलाम होत्या आणि त्या जेफरसन यांच्या पत्नीच्या सावत्र बहीण होत्या असे मानले जाते. १७८७ मध्ये जेफरसन यांच्या धाकट्या मुलीची सोबत म्हणून, चौदा वर्षांच्या असताना, त्या पॅरिसला गेल्या. त्यांची चार मुले मोठी झाली : बेव्हर्ली, हॅरिएट, मॅडिसन आणि एस्टन. १९९८ मध्ये झालेल्या डीएनए तपासणीत एस्टन यांच्या पुरुषवंशाचा धागा जेफरसन घराण्याशी जुळला. ही तपासणी आणि जुनी कागदपत्रे यांच्या आधारे, घराची व्यवस्था पाहणाऱ्या प्रतिष्ठानाने २००० मध्ये जेफरसन हेच या मुलांचे वडील असण्याचा निष्कर्ष स्वीकारला. दक्षिणेच्या अंगाची जी खोली सॅली यांची असावी असे मानले जाते, तिच्या जागी १९४१ मध्ये पर्यटकांसाठी स्वच्छतागृह बांधले गेले होते. ते काढून २०१८ मध्ये ती खोली लोकांसाठी खुली झाली.

जेफरसन यांच्यानंतर घराचे काय झाले?

४ जुलै १८२६ रोजी, जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, जेफरसन वारले तेव्हा डोक्यावर १,०७,००० डॉलरचे कर्ज होते. मृत्युपत्राने पाच गुलामांना स्वातंत्र्य मिळाले. त्यांत जॉन हेमिंग्ज, मॅडिसन, एस्टन आणि लोहार जो फॉसेट हे होते. १८२७ च्या जानेवारीत सामानसुमानासह १३० माणसांचा लिलाव घरासमोर पुकारला गेला. जो फॉसेट स्वतः मुक्त होता, पण त्याची बायको इडिथ, जी या घराची मुख्य स्वयंपाकीण होती, आणि त्यांची मुले विकली गेली. जो याने पुढच्या वर्षांत घण मारून मिळवलेल्या पैशांतून बायको आणि काही मुले परत विकत घेतली. अकरा वर्षांचा पीटर मात्र कित्येक वर्षे सुटला नाही. पुढे तो सिनसिनाटीत धर्मोपदेशक झाला आणि १९०० साली, म्हातारपणी, हे घर पाहायला येऊन गेला.

घर १८३१ मध्ये एका औषधविक्रेत्याला विकले गेले, त्याने रेशीमकिड्यांचा खटाटोप केला आणि तो फसला. १८३४ मध्ये युराया लेव्ही या ज्यू नौदल अधिकाऱ्याने ते घेतले. धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिणाऱ्या जेफरसन यांच्याविषयी त्यांना कृतज्ञता होती आणि त्यांनी घराची डागडुजी केली. त्यांच्याही काळात इथे गुलाम राबत होते, हे सांगायला हवे. त्यांच्या आईची कबर मलबेरी रोच्या कडेला आहे. यादवी युद्धात घर जप्त झाले, लेव्ही वारले, वारसांचे खटले वर्षानुवर्षे चालले आणि तेवढ्या काळात तळघरात गुरे बांधली जात. १८७९ मध्ये पुतणे जेफरसन मन्रो लेव्ही यांनी ते सोडवून सावरले आणि १९२३ मध्ये प्रतिष्ठानाला ५,००,००० डॉलरना विकले. ज्या लेव्ही घराण्याने जवळजवळ नव्वद वर्षे हे घर सांभाळले त्याचा उल्लेख पुढे बराच काळ टाळला जाई.

आज दिसते ते किती अस्सल आहे?

भिंती, जमिनी आणि बरेचसे लाकूडकाम मूळचे आहे. सामान लिलावात पांगले होते, ते शोधून परत आणलेले किंवा नमुन्यावरून बनवलेले आहे. मलबेरी रोवरची खोपटी मात्र लाकडाची होती आणि ती जवळपास सगळी नाहीशी झाली. आज दिसतात त्यांतली काही उत्खननानंतर नव्याने उभारलेली आहेत. मालकाचे घर विटांचे आणि कामगारांचे लाकडाचे, म्हणून एकच टिकले, आणि शंभर वर्षे पाहणाऱ्यांना मळा म्हणजे तेवढे घरच वाटत राहिले.

पाहायला जायचे असल्यास काय लक्षात ठेवावे?

वॉशिंग्टनहून गाडीने साधारण अडीच तास लागतात. वरचे मजले पाहायचे असल्यास त्यासाठी वेगळी फेरी असते आणि गुडघे धड असावेत. दर ४ जुलैला, १९६३ पासून, पश्चिमेच्या ओसरीसमोर नव्या नागरिकांचा शपथविधी होतो आणि त्यात भारतातून आलेली माणसेही असतात. त्या दिवशी गर्दी फार असते. एरवी गेल्यास आधी मलबेरी रो चालावी, मग खालच्या बोळातून उत्तर ते दक्षिण जावे, स्वयंपाकघर पाहावे आणि त्यानंतर वर चढावे. बोळातून जाताना घड्याळाच्या दोरांसाठी पाडलेली भोके डोक्यावर शोधावीत. तिथेच भिंतीवर शनिवार आहे.